वानरांनी भरलेले बोद

हे कोणी खरं मानणार नाही, म्हणून तर सांगतो. आलापल्लीच्या जंगलात वानरांनी तेंदूपत्त्याची पोती, म्हणजे आमचे बोद, स्वतःच्या हातांनी भरले. यंदा पान गोळा करायच्या फळीवर नवीन आलेल्यांनी तरी हे ऐकून ठेवावं.

चार वर्षांमागे ग्रामसभेच्या फळीवर मीच मुंशी होतो. साऱ्या गावाने पंधरा दिवस तोडलेलं पान पुडके बांधून उघड्यावर वाळत पडलं होतं. सकाळी ठेकेदाराची गाडी यायची होती, आणि भिजलेल्या पानाला तो हात लावत नाही.

त्याच आठवड्यात अहेरीला आम्हा मुंशांचं व्यवस्थापनाचं शिबिर झालं. बाहेरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, खरा नेता हुकूम सोडत नाही. तो मागे सरतो, गप्प राहतो, मग माणसं आपोआप पुढे येतात. मला फार पटलं. चेनवाली बॅगही मिळाली होती.

गाडी यायच्या आदल्या दुपारी आभाळ काळं झालं. माणसं धावत फळीवर आली. आता आमची रीत अशी, की मुंशाच्या तोंडून ‘भरा’ निघाल्याशिवाय बोदाला कोणी हात लावत नाही. कच्चं पान भरलं तर बुरशी धरते आणि दोष भरणाऱ्यावर येतो. पुडके मोजणारी रीना बोद घेऊन समोर उभी राहिली. तिचं नर्सिंगचं शिक्षण त्याच पानाच्या पैशावर होणार होतं.

"भाऊ, भरू का?"

मी गप्प. दोन पावलं मागे सरलो. ते माझ्याकडे पाहून राहिले, मी त्यांच्याकडे. म्हाताऱ्या चैतूने हात जोडले. अन्नपूर्णाबाईने माझ्या सात पिढ्या काढल्या. आता येतील पुढे, आता येतील, असं म्हणत मी उभा. वाऱ्याने पुडके उडायला लागले.

तेवढ्यात मोहाच्या झाडांवरून वानरं उतरली. दोनशे तरी असतील. वर्षानुवर्षं वरून काम पाहिलेलं, शिबिराला गेलेली नाहीत, मग कोणाच्या शब्दाची वाट कशाला पाहतील? दोघांनी बोदाचं तोंड धरलं, बाकीच्यांनी दाबून भरलं, एका बुढीने सुतळीने शिवलंसुद्धा. पहिला थेंब पडला तेव्हा शेवटचा बोद ताडपत्रीखाली होता. मोठ्या हुप्प्याने माझ्याकडे पाहिलं आणि...

"वानर नाई आले, भाऊ." मागे बसून यंदाचे पुडके मोजणाऱ्या रीनाने मान वर केली होती. "मी तीनदा विचारलं, तुम्ही तोंड उघडलं नाई. पान तिथीच सडलं."