नंदाबाईचे टोपले

"मामाजी, कबरी पुन्हा अंड्यावरून उठली, वो!"

सुनेची, नीलेची, ही हाक ऐकून केवळराम ओसरीवरून उठले. त्यांनी ते आधीच पाहिले होते. मान्य करण्याचा धीर तेवढा होत नव्हता. खुडूक बसलेली कोंबडी सहसा अंडी सोडून दूर राहत नाही. कबरी मात्र सकाळपासून वारंवार टोपल्याबाहेर येऊन चोचीने आपलेच पंख उपसत होती. तिचा लालबुंद तुरा फिकट पडला होता.

"राखड चोळली ना मी तिले," केवळराम म्हणाले.

"कोंबडीले चोळली. टोपल्याले काय केलं?"

"टोपल्याले कायले करू? टोपलं का खाजवून राहिलं?"

नीला एरवी हसली असती. "अंडी थंडी झाली का संपलं, मामाजी. सासूबाईच्या कोंबड्यातली हे एकच उरली."

दरेकशाच्या रेल्वेरुळांवर गँगमन म्हणून केवळरामांचे आयुष्य सरले होते. कोंबड्यांचा संसार त्यांच्या बायकोचा, नंदाबाईचा. लग्नानंतर माहेरून पदराखाली झाकून आणलेल्या एका कोवळ्या कोंबडीचा वंश तिने निष्ठेने चालवला. केवळराम कामावरून परतत तेव्हा अंगणात कोंबड्यांचे धूळस्नान चाललेले असे. उडालेली धूळ ते चिडून धोतरावरून झटकीत.

"तुयी हे पलटन मानसाले धड बसू देत नाई!"

"तुमी रुळावर बसा ना मंग," नंदाबाई म्हणे. "तेथी कोंबड्या नाई येत."

कोंबड्यांना किडे लागले की ती एकेकीला मांडीवर घेई. एका तळहाताने तिचे डोळे झाकी आणि दुसऱ्या हाताने चाळलेली राख व सीताफळाच्या बियांची पूड पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी हळुवार चोळी. ती पूड डोळ्यांस घातक. म्हणून ते झाकणे. तळहाताच्या त्या अंधारात भेदरलेला पक्षीही निश्चल होई. केवळराम दुरून पाहत. पाहत असल्याचे दाखवीत मात्र नसत.

गेल्या कार्तिकात नंदाबाई गेली. तेव्हापासून ते स्वतः कबरीला मांडीवर घेत, तसेच डोळे झाकीत, तशीच राख व पूड लावीत. तरीही गुण येत नव्हता.

नीलेने अंडी सुपात काढून ठेवली आणि टोपले उचलून उन्हात आणले. बांबूच्या त्या टोपल्यात नंदाबाईने आपल्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचे अस्तर शिवले होते. वैशाख पौर्णिमेला विहारात जाताना ती ते नेसत असे. नीलेने काठावर थाप मारली. कामट्यांच्या विणीतून तांबडे कण निघाले आणि शुभ्र वस्त्रावर चालू लागले. त्यातला एक केवळरामांनी बोटाने चिरडला. रक्ताचा बारीक ठिपका उमटला.

"कबरीचंच रक्त हाय ते," नीला म्हणाली. "दिवसा फटीत लपतेत, रातच्याले तिले पितेत. गरम पानी टाकून पायलं ना आपन? गेले का? हे जाळाच लागते."

"नंदाचं टोपलं हाय ते!" त्यांचा आवाज चढला. "लग्नापासून हेच हाय घरात. मी पाहून राहिलो ना!"



"तुमी कवा पायलं, मामाजी? पिल्लं निघाली का सासूबाई दर खेपेले टोपलं जाळत होती. नवं इनत होती. हे मागच्या पोळ्याचं हाय."

केवळराम खाली बसले. रुळांच्या सांध्यांत दोष शोधण्यात ज्यांची नजर झिजली, त्यांच्या घरात इतकी टोपली जळाली आणि विणली गेली. त्यांना मात्र सदैव एकच दिसत आले. त्यांनी पाहिले होते ते केवळ तिचे हात.

"आता कोन इनंल?" ते हळूच म्हणाले.



मग ते उठले. मागच्या पडवीतून रुळांखालची गिट्टी वाहण्याचे आपले जुने लोखंडी घमेले त्यांनी काढले आणि उकळत्या पाण्याने धुतले.

"याले सांधाच नाई," ते म्हणाले. "लपतीन कोठी?"

घमेल्यात भाताचे नवे तणस पसरले, त्यावर कडूनिंबाचा पाला. नीलेने अंडी पुसून मांडली. त्यांनी कबरीला मांडीवर घेऊन तिचे डोळे झाकले, पंखांखाली राख चोळली आणि तिला घमेल्यापाशी सोडले. ती परक्या लोखंडाभोवती फिरली, दूर गेली, परतली. शेवटी आत उतरून तिने अंडी एकेक करून पोटाखाली ओढली.

"आन काडी," केवळराम म्हणाले. "मीच लावतो."

लुगडे आधी पेटले, मग बांबू.

दुसऱ्या दिवशी राख निवली. नंदाबाई तिचे काय करीत असे, हेही नीलेनेच सांगितले. त्याप्रमाणे त्यांनी ती अंगणातील कोंबड्यांच्या धूळस्नानाच्या खळग्यात नेऊन मातीत कालवली आणि तेथेच बसून राहिले.

दुपारी कबरी दाणे टिपण्यापुरती उठली. खळग्याकडे आली, पाय दुमडून आत बसली आणि पंख फुलवून तिने ती राख सर्वांगावर उधळली. फिकट धुरळा उन्हात तरंगला आणि केवळरामांच्या धोतरावर उतरला.

त्यांनी धोतर झटकले नाही.