शेवटच्या कडव्यातला ठेका

कमळाकर नाखवा खाडीकाठच्या दिवाळे गावचे. तरुणपणी गावच्या हळदींत ताशा वाजवायचे, आणि तिथला हात बघूनच मुंबईच्या एका रॉक बँडने त्यांना ड्रमवर बसवलं. बँडचं नाव 'सॉल्ट बोट्स'. गायचा जोतीराम; पोस्टरवर नुसतं 'जो' छापायचे. साठच्या दशकात कॉलेजांत, हॉटेलांत त्यांची गाणी गाजली, रेकॉर्डी निघाल्या. मग एका गाण्यात शेवटच्या कडव्याला सगळं अडखळलं. स्टुडिओची वेळ संपली होती, रेकॉर्ड तशीच बाजारात आली. ड्रमचा ठेका सुटला, असं जोतीराम म्हणाला. बाकीच्यांनी मानलं, कमळाकरनीही मानलं. पुढच्या अल्बमला ड्रमवर दुसराच माणूस होता.

कमळाकरनी वाजवणंच सोडलं आणि ते गोदीत नोकरीला लागले. लग्न झालं, पोरं झाली. त्या गाण्याविषयी घरात बोलायचं नाही, एवढं त्यांच्या बायकोला, गोजराबाईंना न सांगता कळलं होतं.

गेल्या वर्षी एका कंपनीने बँडच्या सगळ्या रेकॉर्डी साफसूफ करून पुन्हा काढायचं ठरवलं. काम संघप्रिया नावाच्या साउंड इंजिनिअर मुलीकडे आलं. कोपरखैरण्यात बोनकोडे गावाला लागून असलेल्या सोसायटीत तिने घरातल्याच एका खोलीचा स्टुडिओ केला होता. तिने कमळाकरना बोलावलं, तर ते नको म्हणाले. गोजराबाईंनीच त्यांना ढकलून पाठवलं.

संघप्रियाने समजावून सांगितलं, की जुन्या टेपवर सगळं एकत्रच असायचं, पण आता गळा, गिटार, ड्रम असं वेगवेगळं काढता येतं. मग तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्या गाण्याचे नुसते ड्रम लावले. शेवटचं कडवं जवळ आलं तसा कमळाकरनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ठेका सरळ पुढे निघून गेला. कुठेच अडला नाही.

नंतर तिने नुसता गळा लावला. जोतीरामने घाईने श्वास घेतला होता आणि कडवं आधीच उचललं होतं. गिटार बिचारी त्याच्या मागे धावली होती.

"काका, तुमी चुकला नव्हता," संघप्रिया म्हणाली.

त्यांनी ड्रम पुन्हा लावायला सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले.

"माजा हात बरोबर व्हता," ते म्हणाले.

गळा थोडा मागे सरकवला तर चूक कुणाला कळणारही नाही, असं तिने सांगितलं. त्यावर ते म्हणाले, गळा त्याचा हाय, त्यालाच विचार. तिने तोच तुकडा खारघरला जोतीरामकडे पाठवला.

बरेच दिवस त्याचं काही उत्तर आलं नाही. मग एका सकाळी काठी टेकत तो स्वतःच दिवाळ्यात उतरला. कमळाकर ओट्यावर बसले होते, गोजराबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी खुर्ची दिली आणि पुन्हा कामाला लागल्या. चहाचं विचारलं नाही.

"कमळ्या, मला त्याच दिवशी शंका आली होती," जोतीराम म्हणाला. "पण तू काही बोलला नाहीस. मग मीही नाही बोललो."

"मी बोललो नाय, कारन मी तुज्यावर इश्वास ठेवला."

जोतीरामने मान खाली घातली. मग तो म्हणाला, गळा सरकवू नका असं मी त्या मुलीला सांगितलंय. चूक राहू दे, आणि ती माझी होती हे छापून टाका.

कमळाकरनी विचार केला. छापायचं काही नाही, असं ते म्हणाले. गाणं होतं तसंच राहू द्यावं. फक्त अल्बमच्या शेवटी नुसते ड्रम असलेला तुकडा घालावा. ज्याला कान हाय, त्याला समजेल.

तसंच झालं. अल्बम आला तेव्हा कमळाकरनी तो शेवटचा तुकडा घरच्या सगळ्यांना बसवून ऐकवला. गोजराबाईंनी नवऱ्याचं वाजवणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. हा एवढा दणका तुमीच मारत व्हता का, असं त्यांनी विचारलं, आणि तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

आता जोतीराम अधूनमधून फोन करतो. राग गेला का, असं संघप्रियाने एकदा कमळाकरना विचारलं.

"सगला नाय गेला," ते म्हणाले. "पन फोन उचलतो."