पडद्याआडची निवड

“तिकडे गेलीस की आपलं घर कुणाला सांगू नकोस हं, बाळा. विचारलंच कुणी, तर हसायचं आणि दुसरंच काहीतरी बोलायचं.”

टोपलीची कड वळता वळता आई म्हणाली होती. बांबूची ओली कामटी तिच्या बोटांतून सळसळत होती, आणि तिचा आवाजही तसाच, ओला, वाकेल तिकडे वाकणारा. आई गेली, आवाज मात्र लेकीच्या कानात घर करून राहिला.

त्या लेकीला आता सगळे ताई म्हणत. सरकारी रेडिओच्या सकाळच्या बातम्या तिच्याच तोंडून घराघरांत पोचत. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लागलं, आणि त्यामागे जुनं घर झाकलं गेलं. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नव्हतं. बाकी ज्यांनी विचारलं, त्यांच्यापुढे ती हसली.

आज निवेदिकेची एक जागा भरायची होती. समितीत तिघं: केंद्राचे साहेब, एक निवृत्त प्राध्यापक आणि ताई. उमेदवार काचेच्या खोलीत, काचेवर पडदा. तिघांनी फक्त आवाज ऐकायचा. या रीतीचा साहेबांना फार अभिमान. “आवाजाला ना तोंड, ना आडनाव!” ते सांगत सुटायचे.

दुपारी एक आवाज आला आणि प्राध्यापकांचं पेन कागदावरच थांबलं. पहाटेच्या विहिरीसारखा आवाज. गार, नितळ, तळ दाखवणारा. साहेबांनी टेबलावर थाप मारली. “घ्या! शोध संपला!”

पडदा सरला. मुलगी आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. अंगावर धुऊन धुऊन विरलेली ओढणी, पण पाठ ताठ.

“छान वाचलंस हो, पोरी. घर कुठे तुझं?” साहेबांनी विचारलं.

“नाल्यापलीकडे. टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्तीत.”

किती वाजले हे सांगावं, तितक्या सहज ती म्हणाली. प्राध्यापक उगाचच चष्मा पुसू लागले.

“बरं बरं. बाहेर बस जरा.”

दार लागलं. साहेब खाकरले. “आवाज ठीक आहे. पण जरा रांगडा नाही वाटला?”

“मघाशी थाप मारलीत ती?” ताईने विचारलं.

“अहो, मघाशी घाई झाली!” साहेब हसले. “भाषा घरातून येते, ताई. तिथलं माणूस मला एका वाक्यात ओळखू येतं. उद्या बातम्यांत तसला एखादा शब्द गेला, तर वरून फोन मला येणार.”

“मुलगी गुणी आहे, नाही कोण म्हणतं?” प्राध्यापक म्हणाले. “शिपायाची जागा निघेल की एखादी. सकाळी वाचून गेली ना, आपल्या केंद्राच्या इंजिनिअरसाहेबांची भाची, तिला घेऊ.”

“ती तर मुख्य बातमीतच अडखळली.”

“शिकेल हो! घरचं वळण आहे.”

तिघांचं एकमत झाल्याशिवाय नाव पुढे जात नसे. दोघांचं झालं होतं. आणि त्या मुलीचं वय पुढच्या वर्षी मर्यादेबाहेर जाणार होतं; हे दार तिच्यासाठी पुन्हा उघडणार नव्हतं.

“मग ताई, तुमचंही हो ना?”

सवयीनं ताईच्या ओठांवर हसू आलं. दुसरंच काहीतरी बोलायचं. चहा मागवू या, म्हणायचं. रविवारी हेच साहेब बायकोला घेऊन तिच्या घरी येणार होते. सासू कौतुकानं त्यांच्यापुढे ताट वाढणार होती. दाराच्या फटीतून बाकावरची ओढणी दिसत होती. मुलगी हातांची बोटं एकमेकांत गुंफत होती, सोडवत होती. जणू रिकाम्या हवेत काही विणत होती.

हसू ओठांवरच विरलं.

“नाही,” ताई म्हणाली. “ही मुलगी नसेल, तर माझं हो नाही.”

“अरे बापरे!” साहेबांनी प्राध्यापकांकडे बघून डोळे मिचकावले. “का हो, नात्यातली लागते की काय?”

“लागते.”

साहेबांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. रोज सकाळी न चुकता लागणारा ताईचा आवाज पहिल्यांदाच कापला.

“मी त्याच वस्तीतली, साहेब. माझी आई टोपल्या विणायची. इतकी वर्षं रोज सकाळी ऐकताय मला. एका तरी वाक्यात ओळखलंत?”