दाराबाहेरचा कांदा

दालसूच्या हातात एक कांदा होता आणि तो आपल्याला कुणी, कशासाठी दिला हे त्याला काही केल्या उमजत नव्हतं.

मुजीगे अपार्टमेंटचा चौथा मजला. प्यो आजीच्या बंद दाराबाहेर स्टीलचा वाडगा ठेवलेला आणि त्यात हा कांदा, सोललेला, धुतलेला. शेजारच्या पार्कबाईंच्या दाराबाहेर फुलाफुलांचा चिनी मातीचा वाडगा, त्यात एक अंडं. समोरच्या दाराशी दोन वाडगे, दोन्ही रिकामे. खालच्या मजल्यावर एका वाडग्यात हिरवी मिरची होती, ती त्याने आधीच खिशात टाकली होती. कोरियातल्या इंचॉन शहराच्या या चढावर जाजांगम्यॉन पोचवण्यात त्याची हयात गेली होती. काळ्या सोयाच्या रश्श्यातल्या त्या शेवया कुठल्या दारी कशा आवडतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण दारात ठेवलेल्या कांद्याचा अर्थ काय, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

वाडगे त्याचे नव्हते. ते त्याने तिथेच ठेवले. कांदा आणि अंडं मात्र घेतलं, कारण दिलेली वस्तू नाकारणं बरं दिसत नाही. बंद दारापुढे कमरेत वाकून त्याने आभार मानले आणि तो गुडघ्यांची कुरकुर ऐकत पायऱ्या उतरू लागला.

चढाच्या पायथ्याशी 'मानबोक' नावाचं त्याचं चार टेबलांचं दुकान होतं. त्याचं म्हणजे खरं तर बायकोचं. भाडेकरार बोंगसुनच्या नावावर, शेगडी बोंगसुनच्या ताब्यात आणि चव तिच्या हाताची. दालसूकडे फक्त लोखंडी पेटी आणि स्कूटर. फोन आला की पेटीत वाडगे भरायचे, दारी पोचवायचे, खाऊन झालं की लोक रिकामा वाडगा दाराबाहेर ठेवणार, तो दुसऱ्या दिवशी उचलून आणायचा. दोन वर्षांपूर्वी मुलीने दुकानात टॅब्लेट बसवून दिला आणि पेटी माळ्यावर गेली. ऑर्डर टॅब्लेटवर येऊ लागल्या, जेवण प्लास्टिकच्या डब्यात जाऊ लागलं आणि ते न्यायला हेल्मेट घातलेली कुणीतरी पोरं येऊ लागली. दालसूच्या वाट्याला कांदे सोलणं आणि फुरंगटून बसणं एवढंच उरलं, आणि दोन्ही कामं तो मन लावून करी.

मग या सोमवारी रस्त्याखालच्या केबलच्या बोगद्याला आग लागली. चढावरचे फोन गेले, इंटरनेट गेलं, कार्डाचं यंत्र गेलं. टॅब्लेट भिंतीला टेकून मुका बसला. ऑर्डर नाहीत म्हणून हेल्मेटवाली पोरंही फिरकेनात. दुरुस्तीवाले रोज सांगत, उद्या होईल.

त्यातच शनिवार जवळ आला होता. शनिवारी दुपारी घरमालक ग्वाक करार घेऊन येणार होता. सही केली तर आणखी दोन वर्षं दुकान त्यांचं, नाही केली तर तिथे कॉफीचं दुकान टाकायला एक जण टपूनच बसला होता.

"सोडून देऊ या," बोंगसुन मंगळवारी म्हणाली. तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं की दालसू कांदा सोलायचा थांबला. भांडली असती तर तो निश्चिंत राहिला असता.

म्हणून बुधवारी त्याने माळ्यावरची पेटी काढली, जुने हिरवे मेलामाइनचे वाडगे धुतले, जाजांगने भरले आणि मुजीगेची दारं ठोठावली. पैशाचं लाइन आल्यावर बघू म्हणाला. तिथे बहुतेक म्हातारीच माणसं. सगळ्यांनी घेतलं. गुरुवारी सकाळी तो वाडगे उचलायला गेला, तर बहुतेक वाडगे लख्ख धुतलेले आणि प्रत्येकात एकेक पिकलं पर्सिमनचं फळ. वाडगा रिकामा परत करायचा नाही ही इथली रीतच आहे. दालसूचे डोळे भरून आले. पण पुढची ऑर्डर द्यायला खाली कुणीच आलं नाही आणि पुन्हा दारोदार जाऊन जेवता का जेवता का विचारायची त्याला लाज वाटली. एकदा विचारणं म्हणजे आपुलकी, रोज विचारलं तर ते मागणं होतं, असं त्याचं मत होतं. तरी शुक्रवारी सकाळी एखादा वाडगा राहिला असेल, असं स्वतःलाच सांगून तो पुन्हा वर गेला होता. परत आला तो हा कांदा घेऊन.

"कांदा?" बोंगसुनने विचारलं. "आपल्याला? कांदा?"

"प्यो आजीने ठेवलाय. आणि पार्कबाईंनी अंडं."

"अहो, मागे पोतंभर कांदे पडलेत. चार दिवस तुम्ही दुसरं करताय काय? सोनाराला कुणी अंगठी भेट देतं का?"

"रिकामा वाडगा परत करू नये म्हणून असेल."

"वाडगा आपला असता तर. हा वाडगा कुणाचा?"

"आजीचाच. स्टीलचा."

"म्हणजे तिच्याच वाडग्यात तिचाच कांदा, तिच्याच दारात. यात आपण कुठे आलो?"

दालसूने खिशात हात घातला. त्याने मिरची काढून कांद्याशेजारी ठेवली. त्याने तर कोडं आणखीच वाढलं. दोघंही टेबलावरच्या त्या तीन वस्तूंकडे बघत बसली. बाहेर रस्ता खणणाऱ्यांचा खडखडाट चालू होता.

शेवटी बोंगसुन म्हणाली, "मला कळलं."

"काय?"

"दुकान बंद होतंय हे लोकांना कळलंय. ग्वाकने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहतं का? घरात जे होतं ते ठेवलंय बिचाऱ्यांनी. निरोपाचं आहे हो हे."

दालसूला ते पटलं आणि पटल्याचं भयंकर दुःख झालं. जे अंडं सकाळी त्याने इतक्या कौतुकाने आणलं होतं, त्याच्याकडे आता त्याला बघवेना.

"लोकांनी निरोप दिलासुद्धा," बोंगसुन उठता उठता म्हणाली, "आपणच अजून इथे घुटमळतोय. उद्या ग्वाकला नाही म्हणून सांगते."

शनिवारी सकाळी तिने कपाटातला चांगला कोट काढला. दालसूला दुकानात बसवेना. निरोपाचं घेतलं तर परत काही द्यायला हवं, म्हणून त्याने तळलेल्या मांदूंचं, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांसारख्या पदार्थाचं, एक मोठं पुडकं बांधलं आणि पेटीत घालून तो चढ चढला. प्रत्येक दारी पाच-सहा ठेवायचे, वाकून नमस्कार करायचा आणि उतरायचं. रडायचं नाही, असंही ठरवलं होतं.

पण मुजीगेच्या जिन्यात पाय ठेवला आणि ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. आज वाडगे कालच्यापेक्षा जास्त होते! पहिल्या मजल्यापासून प्रत्येक दाराशी. एका दारात चक्क पातेलं. अंडी होती, मिरच्या होत्या, एका वाडग्यात पिवळ्या मुळ्याचा तुकडा होता. निरोप एकदा द्यायचा असतो, हे लोक रोज द्यायला लागले की काय? आणि पातेल्यात मावेल एवढं कसलं प्रेम? चौथ्या मजल्यावर प्यो आजीच्या वाडग्यात आज दोन कांदे होते. दालसू वाकला, एक कांदा उचलला आणि दार धाडकन उघडलं.

"सापडला!" आजी ओरडली. "अगं पार्कबाई, बाहेर ये! कांदाचोर सापडला!"

दालसूच्या हातून कांदा सुटला आणि जिन्यावरून टप टप करत खाली गेला.

"आजी, मी... हे तर तुम्हीच निरोपाचं म्हणून..."

"कुणाचा निरोप? मी चाललेय असं वाटलं होय रे तुला?"

"तुम्ही नाही, आम्ही. दुकान बंद होतंय ना..."

"बंद होतंय? मग कालपासून मी कुणाच्या जिवावर उपाशी बसलेय? जाजांग येईल, जाजांग येईल म्हणून वाट बघतेय मी आणि हा येतो, कांदा उचलतो, दाराला नमस्कार करतो आणि जातो! दाराच्या भोकातून बघितलं मी. मला वाटलं, बायकोने घराबाहेर काढला आणि याच्या डोक्यावर परिणाम झाला."

पार्कबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझं अंडंसुद्धा नेलं," त्या म्हणाल्या. त्या भांडखोर नव्हत्या, पण दुखावलेल्या दिसत होत्या.

दालसू एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. "मला काही कळत नाहीये, आजी."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? फोन मेला. माझे गुडघे त्याच्या आधीच मेले. खाली यायचं कसं, उडत? म्हटलं, हा गुरुवारी वाडगे न्यायला आला, म्हणजे रोज येणार. आपला वाडगा बाहेर ठेवू, बघितला की समजेल, हिला जेवायला हवंय. कांदा ठेवला म्हणजे कांदा जास्त घाल. पार्कबाईला वर तळलेलं अंडं लागतं, तिने अंडं ठेवलं. मिरची म्हणजे तिखट. दोन वाडगे म्हणजे दोघांचं. सगळ्या इमारतीला मी सांगून ठेवलं आणि आता सगळे माझ्या नावाने बोटं मोडतायत."

"पण आजी, बाहेर वाडगा ठेवला म्हणजे जेवण झालं!" दालसू कळवळून म्हणाला. "आयुष्यभर मी तेच बघत आलोय!"

"जेवण झालं असतं तर तो खरकटा नसता का?"

"लोक धुऊन ठेवतात!"

"इतर लोक ठेवतात. मी कधी धुऊन ठेवलाय?"

दालसूने आठवून पाहिलं. खरंच, इतक्या वर्षांत एकदाही नाही. गुरुवारचाही तिचाच तेवढा काळाकुट्ट होता. त्याला एकदम हसू आलं, मग हसता हसता रडू आलं, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे तो घाईघाईने वाडगे पेटीत भरू लागला. कुठल्या दाराचा कुठला ते घोकत, मांदूंचं पुडकं आजीच्या हातात कोंबून, जिन्यातला कांदा उचलून तो खाली धावला. पातेलं पेटीत बसेना, ते त्याने डोक्यावर घातलं.

दुकानात बोंगसुन कोट घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. शेगडी थंड होती.

"शेगडी पेटव!" दालसू दारातूनच ओरडला.

"डोक्यावर काय आहे ते?"

"ऑर्डर! या सगळ्या ऑर्डर आहेत! कांदा म्हणजे जास्त कांदा, अंडं म्हणजे वर अंडं. निरोप बिरोप काही नाही. कालपासून उपाशी बसलेत लोक आणि मी त्यांचं सामान पळवतोय!"

त्याने पेटी उघडून वाडगे टेबलावर मांडले. बोंगसुन उठली. प्रत्येक वाडग्यात तिने वाकून पाहिलं. फुलाफुलांच्या वाडग्यातलं अंडं उचलून हातात धरलं. तिच्या चेहऱ्यावरून दालसूला काहीच कळेना. तिला आनंद झाला, की राग आला, की तिला हे सगळं खोटं वाटतंय?

"प्यो आजीला कांदा बारीक लागतो," ती एवढंच म्हणाली आणि तिने कोट काढला.

ग्वाक आला तेव्हा दुकानात वाफ कोंडली होती आणि बोंगसुन काळा रस्सा परतत होती. तो कागद पुढे करत म्हणाला, "वहिनी, मग काय ठरलं?"

"बसा. कांदे सोलता येतात ना?"

"मी घरमालक आहे हो."

"म्हणून तर बसा म्हटलं. नाहीतर उभं ठेवलं असतं."

ग्वाक बसला आणि सोलू लागला. दालसू पेटी घेऊन निघाला. परत आला तेव्हा ग्वाक डोळे पुसत होता, ते कांद्याने की बोंगसुनने काही सांगितल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा गेला, पुन्हा आला. आता ग्वाकची खुर्ची रिकामी होती आणि टेबलावरचा कागदही नव्हता.

"गेला? काय सांगितलंस त्याला?"

"पातेलं गरम आहे, जपून न्या," बोंगसुन म्हणाली.

ते पातेलं त्याने तिसऱ्या मजल्यावर पोचवलं, तिथल्या तीन भावंडांनी दारातच टाळ्या वाजवल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. सही केली असती तर ती बोलली असती. नाही केली म्हणूनच गप्प आहे. पण मग वाडगे बघून कोट का काढला? की शेवटचं एकदा लोकांना पोटभर खाऊ घालावं, असं मनात आलं तिच्या? प्रत्येक पायरीवर त्याचं मत बदलत होतं आणि पायऱ्या पुष्कळ होत्या.

अंधार पडता पडता तो शेवटची फेरी संपवून उतरला, तर दुकानाचं शटर अर्धं खाली आणि दिवे मालवलेले. दालसूने पेटी दारातच टाकली. वाकून तो आत शिरला आणि चाचपडत मागच्या खोलीकडे गेला. तिथेच दोघं राहत. दाराच्या फटीतून उजेड येत होता. त्याच्या पायाला काहीतरी लागून खणखणलं.

बंद दाराबाहेर दोन हिरवे वाडगे होते. दोन्ही धुतलेले. दोन्हींत एकेक अंडं.

तो तिथेच उकिडवा बसला. लग्न झाल्यापासून ती दुसऱ्यांसाठी शेवया ओढत आली होती. तिला कुणी करून वाढल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"अहो," आतून आवाज आला, "अंडी घेऊन पळून जाऊ नका म्हणजे झालं."

"अगं, पण ग्वाक... सही?"

"केली की. केल्याशिवाय का हक्काने जेवण मागतेय? दोन वर्षं आहेत, पण तेवढा उशीर लावू नका. भूक लागलीय."

दालसूने बाहीने नाक पुसलं आणि दोन्ही वाडगे उचलून तो अंधारात शेगडीपाशी आला. तिथल्या खिट्ट्या आणि बटणांकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"अगं ए," शेवटी त्याने हाक मारली, "ही पेटवायची कशी?"