सुतकात म्युझियम

“जरा तिकडे सरकव ना गं ते, माझ्या कोपराला लागतंय,” मागच्या सीटवरून जाऊबाई पुटपुटल्या.

शेजारी बसलेल्या माझ्या लेकीने, आभाने, सरकवलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. ते म्हणजे माझ्या नवऱ्याच्या अस्थींचं मडकं. तोंडाला पांढरं फडकं, ऊन लागू नये म्हणून वरून आभाची ओढणी, आणि सीटबेल्ट. बेल्ट तिनेच लावला होता.

सुजीत गेल्या आठवड्यात ऑफिसमध्येच कोसळला. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात, असं गुणवंतभावजींनी नाशिकहून आल्याआल्या सांगितलं. शारजात, अल मजाजच्या एकोणिसाव्या मजल्यावर झाड कुठलं? म्हणून मडकं गाडीत राहिलं. बेसमेंटमध्ये आणि आम्ही जाऊ तिथे. उद्याच्या विमानाने भावजी ते गोदावरीला नेणार होते. आभाचे पेपर सोमवारी सुरू होतात, तेव्हा मी इथेच थांबायचं, हे कसं कोण जाणे ठरून गेलं होतं. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

“घर खायला उठतं हो,” सकाळी भावजी म्हणाले. “कुठेतरी जाऊन येऊ.”

सुतकात देवळात जाता येत नाही. मॉल बरा दिसत नाही. म्युझियमला मात्र कुणाची हरकत नव्हती. तिथे ना देव, ना सेल. म्हणून वाळवंटातलं म्लेहाचं म्युझियम.

पार्किंगला पोचलो. समोर वाळू, लालसर डोंगर आणि पांढरंफटक ऊन.

“देअर्स नो शेड,” आभा म्हणाली.

मी इंजिन आणि एसी चालूच ठेवला, माझी किल्ली आतच राहू दिली आणि सुजीतच्या किल्लीने बाहेरून दारं लावली. एरवी भावजींनी पेट्रोलवर भाषण दिलं असतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

आत नबिला नावाची गाइड मुलगी होती, बोलायला फार गोड. तिने दगडांचं मोठं गोल थडगं दाखवलं. हजारो वर्षांपूर्वी इथले लोक आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या एकाच ठिकाणी ठेवत, म्हणाली.

“सगळी एकत्र?” जाऊबाईंनी मला हळूच विचारलं. “सासवासुनासुद्धा? शांती कसली मिळतेय!”

मी हसले. आपल्याच घशातून निघालेला आवाज शेजारणीचा वाटला. मणी बघितले, बाणांची टोकं बघितली, पाट्या शेवटपर्यंत वाचल्या. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ चावला तरी कळत नाही, तसं सगळं चाललं होतं.

पुढे उंट होता. मालकाबरोबर पुरलेला, गुडघे मुडपून.

“सुजीतला हे...” भावजी बोलून गेले आणि थांबले. पाटीवर वाकले. “उंट चांगला आहे,” म्हणाले.

तेवढ्यात पार्किंगचा गार्ड घाईघाईने आत आला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं उझैर. घामाने निथळत होता.

“मॅडम, वो सफेद गाडी आपकी है? इंजिन चालू है. पीछे बच्चा सोया है क्या?”

“नहीं नहीं,” भावजी म्हणाले. “सामान है.”

“सामान को बेल्ट, साब? कपडा भी ओढाया है.” तो रागावलेला नव्हता, घाबरला होता. “खोलके दिखाना पडेगा. इस गर्मी में बच्चा अंदर हो तो...”

आम्ही सगळे त्याच्यामागून उन्हात गेलो. जाऊबाई खाली बघून चालत होत्या. आभा माझ्याकडे बघत होती. मी दाराला हात लावला. हँडल चटचट पोळलं. आत ओढणीखाली छोटासा उंचवटा. खरंच कुणी झोपलेलं वाटावं असा.

“बच्चा नहीं है, भाई,” मी म्हणाले. पुढचं हिंदीत येईना. मी भावजींकडे वळले.

“सुजीत आहे. माझा नवरा. मेलाय तो, भावजी, आणि उद्या तुम्ही त्याला माझ्याशिवाय नेणार आहात.”