हातभर फीत

"मावशी, कालचा कचरा नेला का हो?"

"नेला की. लोणचं घालायचं होतं का त्याचं?" मावशी फडकं पिळत म्हणाल्या.

घड्याळात साडेदहा. अकराला वेल्डरची बायको येणार होती.

आमच्या वाचनालयाने गावातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं संगीत जमवायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. लोक जुन्या कॅसेट आणून देतात. मी त्या संगणकावर उतरवतो. खोकला, खुर्च्यांची सरकासरक, गप्पा, सगळं काढून नुसतं संगीत ठेवतो. ऑफिसात मला गाळणी म्हणतात. म्हणोत. मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला सांगू?

काल वेल्डरची कॅसेट घेतली. हा माणूस दिवसभर लोखंड जोडायचा आणि घरी येऊन माउथ ऑर्गनवर स्वतःच्या चाली वाजवायचा. वारला त्याला सहा वर्षं झाली. फीत सुरुवातीलाच चुरगळलेली, यंत्रात अडकत होती. एकदा कशीबशी ऐकली. नुसतं बोलणं होतं. मग तेवढा हातभर तुकडा कात्रीने कापला, पुढची फीत चिकटवली आणि तुकडा टोपलीत टाकला. हातभर फीत म्हणजे नऊ-दहा सेकंद. तेवढं आधी उतरवून ठेवावं, हेही सुचलं नाही मला.

आणि आज सकाळी त्याच्या बायकोचा फोन. "भाऊ, सुरुवातीला ते माझ्याशी बोललेत. घरचं यंत्र बंद पडल्यापासून ऐकलंच नाही. तेवढं मला एकटीला ऐकवा. पुढचं मग साऱ्या गावाला ऐकवा."

मी मागच्या दारी धावलो. पिंप रिकामं. गाडी येऊन गेली होती.

"अहो, फीत जुनी होती, तुटली म्हणा," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. "कोण होतं बघायला?"

"मी होतो ना!" मी जवळजवळ ओरडलोच.

वेल्डरची बायको दहा मिनिटं आधीच आली. इस्त्रीची साडी, हातात चष्म्याचं घर. ऐकायच्या खोलीत बसली, हेडफोन लावले आणि डोळे मिटून घेतले. माझं बोट बटणावर. दाबलं असतं तर एकदम वाजवणंच सुरू झालं असतं. मला ते जमेना. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडून एक कान मोकळा केला.

"वहिनी, ते बोलणं मी कापलं. कचऱ्यात गेलं. फीत तुटली नाही, मीच कापली."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मला शरमेने मेल्यासारखं झालं.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"एकदा."

"काय म्हणाले?"

"'अगं, दार लोटून घे' म्हणाले. मग तुम्ही बाहेर जाऊन दार लोटायला निघाला असणार, कारण लगेच म्हणाले, 'बाहेर नको जाऊस. आत येऊन बस.'"

"असं वाचून दाखवल्यासारखं नाही," ती चिडूनच म्हणाली. "'अगं' ओढून म्हणायचे ते. म्हणा."

सव्वीस वर्षं मी या इमारतीत कुजबुजतच बोललोय. तरी मोठ्याने म्हणालो, "अगंऽऽ, दार लोटून घे. बाहेर नको जाऊस. आत येऊन बस."

ती उठली. खोलीचं दार लोटलं, परत येऊन खुर्चीत बसली आणि हेडफोन कानाला लावले. मी बटण दाबलं.