सदतीस मिनिटं

आमच्या ह्यांनी सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात अंबरनाथच्या घरी, गच्चीवर सावलीचं घड्याळ बनवलं. हे कंपनीत फिटर, त्यामुळे पत्रा कापणं, सळई तिरकी बसवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. पण कंपनीचा बाराचा भोंगा झाला तरी सळईची सावली साडेअकरालाही पोचेना. सदतीस मिनिटं मागे!

"घड्याळ सगळ्या देशाचं, ऊन आपल्या गावचं. फरक राहणारच," हे म्हणाले.

मी चामटोलीची, सावली बघून शेतावर भाकरी नेणारी. म्हटलं, "मग भोंगा चुकतोय. उन्हाला कशाला दुरुस्त करता?"

ऐकतात कुठे! आकड्यांची चकती फिरती केली, भोंग्याशी जुळवली आणि बोल्ट आवळला.

दिवाळीनंतर कंपनीला टाळं लागलं. भोंगा थांबला. तरी हे रोज सावली बघून म्हणायचे, "आता जेवणाची सुट्टी झाली असती." आणि ताट तसंच राहायचं.

शेवटी एक दिवस मीच पाना घेऊन वर गेले, बोल्ट सैल केला आणि चकती पहिल्या जागी फिरवली. हे मागे येऊन उभे राहिले. वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"ऊन डोक्यावर आलंय," मी म्हटलं. "जेवायला चला."